मामांचं इंजेक्शन जळगावात का थांबवलं?

रावेर तालुक्यातल्या एका शिक्षकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मामा 61 वर्षांचे, केळीचे शेतकरी. रात्री दोनदा रक्ताची उलटी झाली, पहाटे डांबरासारखी काळी शौच. तालुक्याच्या डॉक्टरांनी सलाईनमधून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड चालू केलं आणि जळगावला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी आल्या-आल्या ती बाटली काढली. ‘पोटातल्या रक्तस्रावात याचा उपयोग नाही, मोठ्या चाचणीत दिसलंय,’ म्हणाले. दुर्बिणीत अल्सर निघाला, दोन पिशव्या रक्त लागलं, सहाव्या दिवशी मामा घरी आले. आता घरात वाद आहे. दोघांतलं कोण चुकलं? रक्ताची गाठ टिकवणारं औषध रक्तस्रावातच चालत नाही म्हणजे काय? आणि मरणाच्या दारात असलेल्या माणसांवर अशी ‘चाचणी’ करतात तरी कशी?

सर, आधी वाद मिटवतो. तालुक्याच्या डॉक्टरांनी मामांच्या दोन्ही हातांना जाड सुया लावल्या, सलाईन चालू केलं, पोटाचं ॲसिड कमी करणारं इंजेक्शन दिलं आणि वेळ न दवडता 108 बोलावली. जीव वाचवणारं काम तेच होतं. ट्रॅनेक्झॅमिकची बाटली हा त्यातला जुन्या सवयीचा भाग. ती सवय मलाही वीसेक वर्षं होती, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा अधिकार मला नाही. जळगावच्या डॉक्टरांनी बाटली काढली, तेही बरोबर. फक्त ‘उपयोग नाही’ एवढंच बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले, आणि नातेवाइकांना वाटलं की गावात काहीतरी भलतंच टोचलं. दोन वाक्यं जास्त बोलले असते तर तुमच्या घरात भांडण झालं नसतं. पण पहाटे वॉर्डात तिसरा रक्ताच्या उलटीचा रुग्ण आत येत असताना ती दोन वाक्यं कशी राहून जातात, हेही मला माहीत आहे.

आता औषधाबद्दल. लोक याला ‘रक्त गोठवायचं इंजेक्शन’ म्हणतात, तिथेच पहिली गफलत होते. हे रक्त गोठवत नाही. रक्त आपलं आपण गोठतं. जखमेवर फायब्रिन नावाच्या धाग्यांची जाळी बसते आणि तिच्यात रक्तपेशी अडकून गाठ तयार होते. ही गाठ कायमची राहून चालत नाही, म्हणून शरीरानेच ती विरघळवायची सोय ठेवली आहे: प्लाझ्मिन. ते फायब्रिनचे धागे कातरतं. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड प्लाझ्मिन जिच्यापासून बनतं त्या प्लाझ्मिनोजेनला धाग्याला चिकटूच देत नाही. म्हणजे हा बांध घालणारा गडी नाही, बांध पोखरणाऱ्या घुशी हाकलणारा आहे. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले, हा फरक लगेच कळेल. बांध घुशींमुळे फुटत असेल तर हा गडी सोन्याचा. पण पाटाला वरून पूर आला असेल, किंवा बांध मुळात बसलाच नसेल, तर घुशी हाकलून काय होणार?

हे औषध जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने 1962 साली जगापुढे मांडलं. बाळंतपणात होणाऱ्या अतिरक्तस्रावाने बायका मरतात, त्यांच्यासाठी काही शोधावं, ही उताकोबाईंची इच्छा होती. त्या काळात जवळच्या डॉक्टरांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. बाळंतिणींवरची मोठी चाचणी पूर्ण होऊन निकाल आला 2017 मध्ये. 21 देशांतल्या 20,060 स्त्रियांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू 1.9 टक्क्यांवरून 1.5 टक्क्यांवर आले. उताकोबाई त्याच्या आदल्या वर्षी वारल्या होत्या. त्याआधी 2010 मध्ये अपघाताच्या 20,211 जखमींवर चाचणी झाली होती, तिथेही मृत्यू 16 टक्क्यांवरून 14.5 टक्क्यांवर आले. पण फायदा तीन तासांच्या आत दिलं तरच. तीन तासांनंतर दिलेल्या जखमींत रक्तस्रावाने मेलेले उलट जास्त निघाले. हा तीन तासांचा मुद्दा लक्षात ठेवा, पुन्हा लागेल.

मग पोटाच्या बाबतीत आम्हाला एवढी खात्री का होती? कारण सगळं जुळत होतं. जखमींत चाललं, बाळंतिणींत चाललं, दात काढल्यावर चालतं, पाळीच्या अतिस्रावात तर कधीपासून वापरतो. शिवाय जठरातलं ॲसिड आणि पेप्सिन हा पाचक रस गाठ विरघळवतात, हे एमबीबीएसच्या पोरालाही ठाऊक. आणि पोटाच्या रक्तस्रावावर जुन्या लहान-लहान चाचण्याही होत्या. त्या एकत्र केल्या तर मिळून सतराशेच्या आसपास रुग्ण, आणि मृत्यू जवळपास 40 टक्क्यांनी कमी! 40 टक्के! एवढा आकडा बघून कोणता डॉक्टर औषध देणार नाही? आमच्याकडे रक्ताच्या उलटीच्या रुग्णासाठी नर्सबाई न सांगताच ट्रेमध्ये तीन गोष्टी मांडून ठेवायच्या: सलाईनचा सेट, ॲसिड कमी करणारं इंजेक्शन आणि ट्रॅनेक्झॅमिक.

आणि रुग्ण बरे व्हायचे. खरंच व्हायचे. दहापैकी आठांच्या अल्सरचं रक्त आपसूकच थांबतं, औषध द्या की देऊ नका. आम्ही बाटली लावायचो, रक्त थांबायचं, श्रेय बाटलीला. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका काविळीला माळ घालतात आणि कावीळ उतरली की माळ उतरवतात. त्यांच्या माळेत आणि माझ्या बाटलीत काय फरक होता, हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारलंच नाही.

विचारायचं तर कसं विचारायचं, हेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. यासाठी शेतातलंच उदाहरण घेतो, आणि ते ओढूनताणून आणलेलं नाही. ही पद्धत खरोखर शेतात जन्मली. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर 1919 पासून काम करत होते. नवं खत चांगलं की जुनं, हे कसं ठरवायचं? तुम्ही पाटाजवळच्या वावरात नवं बियाणं लावलंत आणि उताराच्या मुरमाड वावरात जुनं, तर नवंच जिंकणार. फिशर म्हणाले, वावराचे लहान तुकडे पाडा आणि कुठल्या तुकड्याला काय घालायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. शेतकऱ्याच्या मनाने नाही. मग पाणी, माती, ऊन सगळं दोन्हीकडे सारखं वाटलं जातं आणि उरलेला फरक खताचा. माणसांच्या बाबतीत हेच. माझ्या मनावर सोडलं तर जरा तगडा दिसणाऱ्या रुग्णाला मी एक देईन, खचलेल्याला दुसरं. न कळत.

दुसरी अडचण आकड्यांची. पोटातल्या तीव्र रक्तस्रावात शंभरातले चारेक रुग्ण पहिल्या काही दिवसांत रक्त जाऊनच दगावतात. समजा औषधाने त्यातला एक वाचतो, चाराचे तीन होतात. ही मोठी गोष्ट आहे. पण शंभर-शंभर रुग्णांचे दोन गट घेतले तर फरक दिसणार फक्त एका माणसाचा, आणि तो नशिबानेही पडू शकतो. तो फरक खरा आहे असं छातीठोकपणे म्हणायला दहा-बारा हजार रुग्ण लागतात. जुन्या चाचण्यांत मिळून सतराशे होते आणि त्यातल्या बऱ्याच सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या. तेव्हा दुर्बिणीतून रक्त थांबवणं रुळलं नव्हतं आणि आजची ॲसिडची औषधं नव्हती. तो 40 टक्क्यांचा आकडा वाळूवर उभा होता.

म्हणून ती मोठी चाचणी झाली, जिचं नाव जळगावच्या डॉक्टरांच्या तोंडी असणार: हॉल्ट-इट. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने ती चालवली. खर्च ब्रिटनच्या सरकारी संशोधन निधीतून झाला. औषध इतकं जुनं आणि स्वस्त की कुठल्या कंपनीला त्यात रस असण्याचं कारणच नव्हतं. जुलै 2013 ते जून 2019. 15 देश, 164 रुग्णालयं, 12,009 रुग्ण. त्यात ब्रिटन होतं, तसं पाकिस्तान, इजिप्त, नायजेरिया, मलेशिया, नेपाळही होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लंडनच्या आलिशान वॉर्डातल्या रुग्णापेक्षा पाकिस्तानातला रुग्ण आपल्या चोपड्या-शिरपूरच्या रुग्णाच्या जास्त जवळचा. तोही उशिराच येतो, त्याचंही लिव्हर आधीच गेलेलं असतं आणि नातेवाईक रक्तासाठी धावत असतात.

आता हे प्रत्यक्ष कसं चालतं ते बघा. वॉर्डातल्या कपाटात एक खोका. आत आठ पाकिटं, बाहेरून हुबेहूब सारखी. फरक फक्त पाकिटावरच्या नंबरचा. काहींत ट्रॅनेक्झॅमिक, काहींत नुसतं सलाईन. रुग्ण आला की डॉक्टर पाकीट काढतो, फोडतो, टोचतो. आत काय आहे ते ना त्याला ठाऊक, ना नर्सबाईंना, ना रुग्णाला. 1 ग्रॅम दहा मिनिटांत, मग 3 ग्रॅम पुढच्या चोवीस तासांत थेंब-थेंब. बाकी सगळं नेहमीसारखं: रक्त, दुर्बीण, ॲसिडचं औषध, काहीही थांबवायचं नाही. औषधाच्या नावाखाली दुसरा उपचार कुणाचाच काढून घेतलेला नव्हता.

‘आमच्यावर प्रयोग करता का?’ हा प्रश्न मी वॉर्डात पुष्कळदा ऐकलाय आणि तो रास्त आहे. याचं उत्तर चाचणीच्या एका अटीत आहे. ज्या रुग्णाला औषध द्यावं की नाही याबद्दल उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच खरी शंका आहे, त्यालाच चाचणीत घ्यायचं. डॉक्टरला खात्री असेल की याला औषध हवंच, तर घ्यायचं नाही. खात्री असेल की याला ते नकोच, समजा आधी पायात गाठ झालेली आहे किंवा फिट येतात, तरीही नाही. म्हणजे ज्याच्या बाबतीत कुणालाच ठाऊक नाही, तोच रुग्ण. संमती रुग्णाकडून, तो शुद्धीवर नसेल तर नातेवाइकांकडून. कुणीच नसेल तर आधी उपचार आणि नंतर संमती, पण हे नीतिसमितीने आधी मान्य केलेलं असावं लागतं. आपल्या देशातही आता चाचणी सुरू करण्यापूर्वी तिची सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते, आणि 2019 पासून नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत. कागदावर तरी सोय चांगली आहे. एक गंमत सांगतो. चाचणीत न घेता, कुणालाही न विचारता, वीस वर्षं मी ते औषध देत होतो. तेव्हा कुणी ‘प्रयोग करता का’ म्हणालं नाही. खरं तर प्रयोग तोच होता, फक्त त्याची नोंद कुणी ठेवत नव्हतं.

चाचणी चालू असताना एक मोठा बदलही झाला आणि त्यावर टीकाही झाली. सुरुवातीला मोजायचं ठरलं होतं कुठल्याही कारणाने झालेला मृत्यू, आणि रुग्ण 8,000. मध्येच लक्षात आलं की निम्म्याहून जास्त मृत्यू रक्तस्रावाने होतच नाहीत. लिव्हर निकामी, न्यूमोनिया, कॅन्सर, हृदय, अशी कारणं. कॅन्सरने मेलेल्या माणसाला गाठ टिकवणारं औषध कसं वाचवणार? म्हणून मुख्य मोजमाप बदललं: पाच दिवसांत रक्तस्रावाने झालेला मृत्यू. रुग्णसंख्या 12,000 वर नेली. हे सगळं कोणत्या पाकिटात काय होतं ते उघडण्याच्या आधी झालं, म्हणून मला ते पटतं. निकाल बघून मोजमाप बदलणं म्हणजे आधी बाण मारायचा आणि मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं.

निकाल 2020 च्या जूनमध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला, आपण सगळे कोविडात बुडालेलो असताना. त्यामुळे आपल्याकडे अनेक डॉक्टरांच्या तो नजरेतूनच सुटला, असा माझा अंदाज. आकडे असे. औषधाच्या गटात 5,956 पैकी 222 रुग्ण रक्तस्रावाने दगावले. सलाईनच्या गटात 5,981 पैकी 226. दोन्हीकडे शंभराला चारच. कुठल्याही कारणाने 28 दिवसांत झालेले मृत्यू: 9.5 टक्के आणि 9.2 टक्के. पुन्हा रक्तस्राव होण्याचं प्रमाणही सारखंच.

मला एक जण म्हणाला, ‘सर, थोडा फायदा असेलही, चाचणीत दिसला नसेल.’ तेही तपासता येतं. या आकड्यांवरून खरा परिणाम कोणत्या मर्यादेत असू शकतो ते काढतात. ती मर्यादा निघाली 18 टक्के फायद्यापासून 18 टक्के तोट्यापर्यंत, आणि मधोमध शून्य. 40 टक्क्यांची आशा या मर्यादेत कुठेच बसत नाही.

आणि फुकटात काही मिळत नसतं. पायातल्या शिरांत किंवा फुप्फुसात गाठ होण्याचे प्रकार औषधाच्या गटात 48, सलाईनच्या गटात 26. हजाराला आठ आणि हजाराला चार. फिट येणं 38 आणि 22. हार्ट अटॅक आणि लकव्याचं प्रमाण मात्र वाढलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लिव्हर खराब असलेल्यांत शिरेतल्या गाठीचा धोका जास्त दिसला. अपघाताच्या चाचणीत दिलेलं औषध एकूण 2 ग्रॅम होतं, इथे 4 ग्रॅम आणि चोवीस तास. फिट वाढण्यामागे तो मोठा डोस असावा असं मला वाटतं.

हे वाचताना मला माझा एक रुग्ण आठवला. कोविडच्या बऱ्याच आधीचा. लिव्हर सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं), रक्ताच्या उलट्या, बँडिंग केलं (दुर्बिणीतून शिरेला रबर बँड लावला), रक्त थांबलं, आणि ‘काही राहून जायला नको’ म्हणून मी ट्रॅनेक्झॅमिक तीन दिवस चालू ठेवलं. चौथ्या दिवशी त्याची बायको म्हणाली, ‘साहेब, यायना डावा पाय सुजी गया.’ डॉप्लर, म्हणजे शिरांची सोनोग्राफी केली, मांडीच्या शिरेत गाठ. ज्याच्या पोटातून कालपर्यंत रक्त येत होतं त्याला आता रक्त पातळ करायचं औषध द्यायचं की नाही, यावर आम्ही तिघे डॉक्टर अर्धा तास कॉरिडॉरमध्ये उभे होतो. त्या गाठीचा संबंध इंजेक्शनशी असेल हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंही नाही. अर्थात सिरॉसिसच्या रुग्णात गाठ आपणहूनही होते. त्या एका माणसावरून औषधाला दोषी ठरवणं म्हणजे बरे झालेल्यांवरून त्याला श्रेय देण्यासारखंच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. गाठ टिकवणारं औषध चाललं का नाही?

पहिलं कारण लोक देतात ते वेळेचं. जखमी माणूस लगेच येतो. पोटातला रक्तस्राव आत चालू असतो आणि घरच्यांना दोन दिवसांनी कळतं. हॉल्ट-इटमध्ये रक्त सुरू झाल्यापासून तीन तासांत पोचलेले रुग्ण फक्त 16 टक्के होते. आपल्याकडे तर विचारूच नका. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून उतरून नंदुरबारला यायचं म्हणजे अर्धा दिवस. काळी शौच होऊ लागली की आधी ‘काया झाडा व्हई ऱ्हायना’ म्हणून भगताकडे, मग मेडिकलवाल्याकडे, मग आमच्याकडे. पण वेळेवर सगळं ढकलून चालणार नाही. लवकर आलेल्यांचा वेगळा गट काढून बघितला तरी फायदा दिसला नाही. म्हणजे कारण आणखी खोल आहे.

मला जास्त पटणारं कारण असं, की पोटातला रक्तस्राव ही एक गोष्ट नाहीच. या चाचणीत जवळजवळ निम्म्या रुग्णांत अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटल्याचा संशय होता. लिव्हर दगडासारखं झालं की तिकडे जाणारं रक्त अडतं आणि मागच्या शिरा फुगतात, जशा धरणाच्या भिंतीमागच्या गावात विहिरी काठोकाठ भरतात. त्या फुटतात त्या दाबाने. तिथे घुशींचा काही संबंध नाही, तो सरळ पूर आहे. त्यावर दाब कमी करणारी इंजेक्शनं आणि दुर्बिणीतून शिरेला रबर बँड लावणं, हाच इलाज. मोहाची असो की देशी, दारूने लिव्हर गेलेले असे रुग्ण मी सातपुड्याच्या पायथ्याकडून आठवड्याला पाहतो. बी आणि सी काविळीचेही असतात, त्यांनी थेंबभर घेतलेली नसते आणि तरी सगळा गाव त्यांना दारुडा म्हणतो.

अल्सरचं वेगळं. तिथे धमनीच उघडी पडलेली असते. लहान असेल तर आपण होऊन बुजते, मोठी असेल तर कोणतीही गाठ त्या धारेपुढे टिकत नाही. दुर्बिणीतून धमनीला चिमट्यासारखी क्लिप लावावी लागते, किंवा आधी रक्तवाहिनी आकसवणारं ॲड्रेनलिन टोचून मग क्लिप. आणि जठरातलं ॲसिड गाठ मोडतं, त्यावर ॲसिड कमी करणं हाच उपाय. प्लाझ्मिन थांबवून पेप्सिन थोडंच थांबतं?

म्हणजे खरा वेळ आणि पैसा कुठे घालायचा? मामांना जे मिळालं तिथेच. आणखी दोन चाचण्यांनी माझ्या सवयी बदलल्या, त्या सांगतो, कारण तुमचे मावसभाऊ ‘दोनच पिशव्या का दिल्या’ म्हणून रागावलेत असं तुम्ही लिहिलंय. बार्सिलोनाच्या 921 रुग्णांच्या चाचणीत (2013) अर्ध्यांना हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेल्यावरच रक्त दिलं, अर्ध्यांना 9 च्या खाली जाताच. सहा आठवड्यांनी जिवंत होते ते 95 टक्के आणि 91 टक्के. कमी रक्त मिळालेले जास्त वाचले. जास्त रक्त भरलं की दाब वाढतो आणि बुजलेलं पुन्हा फुटतं. अर्थात रुग्ण डोळ्यांसमोर खचत असेल, किंवा हृदयाचा आजार असेल, तर 7 ची वाट बघत बसायचं नाही. आणि नंदुरबारकडच्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाचा एरवीचाच आकडा 8 असतो, त्याला हा नियम डोळे झाकून लावू नये. मामांना हिमोग्लोबिन साडेसहावर असताना दोन पिशव्या दिल्या आणि आठ झाल्यावर थांबले, हे अगदी बरोबर.

दुसरी हाँगकाँगची, 2020 ची. 516 गंभीर रुग्ण. सहा तासांत दुर्बीण घालणं आणि सहा ते चोवीस तासांत घालणं, यात घाईचा काही फायदा निघाला नाही. घाईच्या गटात मृत्यू 8.9 टक्के, थांबलेल्यांत 6.6. फरक नशिबाचाही असू शकतो, पण घाई वाचवते असं नक्कीच दिसलं नाही. म्हणून ‘रात्रीच का नाही केली स्कोपी’ हा राग सोडा. मामांचं बीपी रात्री 90 वर होतं. आधी माणूस सावरायचा, मग नळी घालायची.

उरला प्रश्न की ट्रॅनेक्झॅमिक आता फेकून द्यायचं का? अजिबात नाही. तुमच्या गावच्या उपकेंद्रात ते असायलाच हवं. बाळंतपणात अंगावरून जास्त गेलं तर तीन तासांच्या आत, आणि महामार्गावरच्या अपघातात, तिथे ते आजही जीव वाचवतं. तालुक्याच्या डॉक्टरांना भेटलात तर सांगा की तुमच्या कपाटातली बाटली चुकीची नाही, फक्त ती पोटाच्या रक्तासाठी नाही. सौम्यपणे सांगा. ते तुमच्या मामांना पहाटे साडेतीनला दार उघडून भेटले होते.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. मामांच्या खिशात प्लास्टिकची पुडी होती, त्यात दोन लाल आणि एक पिवळी गोळी, ‘गुडघ्याची’. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीचे घड वाहून गुडघे गेलेल्या प्रत्येक माणसाच्या खिशात अशी पुडी सापडते. त्यात बहुतेक वेळा वेदनाशामक असतं आणि काही वेळा स्टिरॉइडही. हेच दोघं मिळून जठराचं अस्तर खातात. घरच्यांनी मात्र दोष दिला तो शेवभाजीच्या तिखटाला. बिचारी मिरची! चाळीस वर्षं मामा तेच तिखट खातायत. अल्सरचं दुसरं मोठं कारण जठरातला जंतू, हेलिकोबॅक्टर. रक्त चालू असताना आणि ॲसिडच्या गोळ्या चालू असताना त्याची तपासणी खोटी ‘नाही’ दाखवू शकते. मामांच्या डिस्चार्ज कार्डावर ती ‘निगेटिव्ह’ लिहिली आहे. म्हणून महिना-दीड महिन्याने, डॉक्टरांना विचारून ॲसिडची गोळी दोन आठवडे थांबवून, ती पुन्हा करून घ्या. जंतू निघाला तर चौदा दिवसांच्या गोळ्या पूर्ण घ्यायच्या, पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडायच्या नाहीत.

आणि ती पुडी कोणत्या मेडिकलमधून आणली होती ते मामांना विचारून ठेवा, पुढच्या वेळी येताना पुडीही घेऊन या. आत काय होतं ते मला बघायचंय.